‘वाढ आढळली नाही’ या तीन शब्दांविषयी

पावसाळा ओसरला की गोव्यातल्या आमच्या वाड्यावरच्या सार्वजनिक विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासणीला जातो आणि काही दिवसांनी त्याचा अहवाल पंचायतीच्या फलकावर लागतो. गेल्या वर्षी त्या अहवालात कोलिफॉर्म जिवाणूंच्या पुढच्या रकान्यात ‘वाढ आढळली नाही’ एवढेच लिहिलेले होते. दुसऱ्या दिवशी पाहिले, तर त्याच कागदाच्या तळाशी कोणीतरी मोठ्या अक्षरांत ‘पाण्यात जंतू नाहीत’ अशी भर घातली होती. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. विहिरीवर अवलंबून असलेल्या घरांना दिलासा मिळावा, एवढेच त्याच्या मनात असणार. परंतु ज्याची तीस वर्षे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात गेली, त्या माझ्यासारख्याला ही दोन वाक्ये एका अर्थाची वाटत नाहीत. पहिले वाक्य प्रयोगशाळेत काय दिसले ते सांगते. दुसरे, पाण्यात काय आहे ते सांगू पाहते. या दोहोंच्या मधल्या जागेत उपाशी जिवाणू राहतो, आणि आपल्या सार्वजनिक आरोग्याच्या हिशेबात तो अजून पुरेसा धरला जात नाही, असे माझे मत आहे.

पाण्याची नेहमीची तपासणी म्हणजे जिवाणूंना घातलेली एक पंगत असते. पाण्याचा ठरावीक भाग पोषक माध्यमात घालून उबेत एक-दोन दिवस ठेवतात आणि जे वाढतात त्यांची मोजदाद होते. रॉबर्ट कॉख यांचे सहकारी रिचर्ड पेट्री यांनी १८८७ मध्ये झाकणाच्या काचेच्या थाळीचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून या पद्धतीने मानवजातीवर केलेले उपकार अगणित आहेत. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटरच्या कोणत्याही नमुन्यात कोलिफॉर्म गटातला ई. कोलाय हा जिवाणू आढळता कामा नये. मलमिश्रित सांडपाणी पाण्यात उतरले की नाही, याचा तो साक्षीदार मानला जातो. पण या साक्षीदाराला आपण एकच प्रश्न विचारतो : मी वाढलेले अन्न खाऊन तू आत्ता वाढतोस का? जो उत्तर देत नाही, तो हजरच नाही असे आपण धरून चालतो. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल यांच्या गटाने १९८२ मध्ये दाखवून दिले की खाडीच्या आणि समुद्राच्या पाण्यात ठेवलेले ई. कोलाय आणि पटकीचे (कॉलऱ्याचे) जिवाणू काही काळानंतर थाळीवर उगवेनासे होतात, मात्र सूक्ष्मदर्शकाखाली विशिष्ट पद्धतीने पाहिले तर ते जिवंत असतात. म्हणजे ज्याच्या साक्षीवर आपण पाण्याला प्रमाणपत्र देतो, तो साक्षीदार स्वतःच मौनात जाऊ शकतो.

हे मौन समजून घ्यायचे, तर उपासमार ही जिवाणूच्या आयुष्यातली आपत्ती नसून त्याची रोजची स्थिती आहे, हे आधी मनावर घेतले पाहिजे. प्रयोगशाळेतल्या समृद्ध माध्यमात ई. कोलाय दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो. हाच वेग अखंड टिकला असता, तर एका पेशीची प्रजा दोन दिवसांच्या आत पृथ्वीपेक्षा जड झाली असती. तसे कधीच होत नाही, कारण अन्न संपते. विहिरीत ते फार थोडे असते, नळाच्या पाइपात त्याहून थोडे. माणसाच्या शरीरातही जिवाणूला वाटते तितकी मेजवानी नसते, कारण शरीर त्याच्यापासून अन्न मुद्दाम लपवून ठेवते. रक्तातले लोह ट्रान्सफेरिनने आणि दुधातले व अश्रूंतले लोह लॅक्टोफेरिनने बांधून टाकणे, हा आपल्या प्रतिकाराचा फार जुना आणि फार प्रभावी भाग आहे. ज्या जिवाणूने आपल्याला आजारी पाडले, त्याने बहुतेक वेळा आधी उपास काढलेले असतात.

या उपासाची बातमी पेशीभर कशी पसरते, हे १९६९ मध्ये प्रथम नजरेस आले. मायकेल कॅशेल आणि जोनाथन गॅलंट यांना उपाशी ठेवलेल्या ई. कोलायच्या रसायनांत दोन अनोळखी ठिपके दिसले आणि त्यांना ‘जादूचे ठिपके’ हे नाव पडले. त्यांतला मुख्य रेणू ग्वानोसिन टेट्राफॉस्फेट हा होय. प्रथिने बांधण्याचे काम रायबोझोमवर चालते आणि तेथे अमिनो आम्ले वाहून आणणारा आरएनए असतो. पेशीतली अमिनो आम्ले संपली की हा वाहक रिकाम्या हाताने येतो, रायबोझोमला चिकटलेले रेलए नावाचे विकर ते रिकामेपण ओळखते, आणि काही सेकंदांत हा रेणू तयार करू लागते. गावात दुष्काळाची दवंडी फिरावी तसा तो पेशीत फिरतो. नवे रायबोझोम बांधणे थांबते, वाढ मंदावते, साठा राखला जातो, आम्ल, उष्णता आणि क्लोरीन यांना तोंड देण्याची तयारी सुरू होते. मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट पुढे आहे. सॅल्मोनेला या जिवाणूतून हा रेणू बनवणारी दोन्ही विकरे, रेलए आणि स्पॉटी, काढून टाकली, तर तो पोषक माध्यमात वाढतो, पण उंदराला आजारी पाडण्याची त्याची क्षमता जवळजवळ नाहीशी होते. ज्या जिवाणूला भूक ओळखता येत नाही, त्याला रोगही घडवता येत नाही.

आपल्याकडे ‘बुभुक्षितः किं न करोति पापम्’ असे वचन आहे आणि ते येथे लगेच ओठांवर येते. पण ते अर्धेच लागू पडते, आणि उरलेल्या अर्ध्यातच सार्वजनिक धोरणाची खरी अडचण आहे. भुकेला जिवाणू दर वेळी हल्लाच करतो असे नाही. कोणी हल्ला करतो, कोणी आकसून बसतो, कोणी वर्षानुवर्षे झोपल्यासारखा पडून राहतो. भूक त्याचे काम बदलते, आणि ते कसे बदलेल हे त्या त्या जातीवर अवलंबून असते.

हल्ला करणाऱ्यांत घटसर्पाच्या जिवाणूचे उदाहरण जुने आणि स्वच्छ आहे. त्याचे विष लोह भरपूर असताना तयार होत नाही, लोहाची चणचण भासली की तयार होते. शरीराने लोह लपवावे आणि त्याच संकेतावर त्याने विष सोडावे, असा हा पेच आहे. गळवांपासून रक्तदोषापर्यंत अनेक विकार घडवणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये कोडवाय नावाचे प्रथिन अन्न मुबलक असेपर्यंत अनेक रोगकारक जनुकांवर दाब ठेवते आणि अन्न घटले की तो दाब सुटतो. गोव्याच्या दृष्टीने मात्र मी फुप्फुसाचा दाह घडवणाऱ्या लिजिओनेला या जिवाणूकडे अधिक काळजीने पाहतो.

जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले आणि त्यानंतर २२१ माणसे आजारी पडून ३४ दगावली. कारण जानेवारी १९७७ पर्यंत हाती लागले नाही, कारण दोषी जिवाणू नेहमीच्या थाळीवर उगवतच नव्हता. तेव्हाच्या अहवालांतही ‘वाढ आढळली नाही’ याच अर्थाचे शब्द होते. लिजिओनेला पाण्यातल्या अमीबाच्या पोटात राहतो. अमीबात अन्न आहे तोवर तो फक्त वाढतो, निरुपद्रवी दिसतो. अमिनो आम्ले संपली की वर सांगितलेली दवंडी फिरते, त्याला शेपटासारखी कशाभिका फुटते, यजमान पेशी फोडण्याची आणि नव्या पेशीत घुसण्याची शक्ती येते, आणि तो बाहेर पडतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मिशेल स्वॉन्सन यांच्या प्रयोगशाळेने हा क्रम उलगडला. शॉवरच्या किंवा कारंज्याच्या तुषारांतून तो श्वासात गेला, तर फुप्फुसातली भक्षक पेशी त्याला अमीबासारखीच भेटते. पाणी पिऊन हा रोग सहसा होत नाही; तो साचलेल्या, कोमट पाण्याच्या तुषारांतून होतो. वाढीला त्याला साधारण २५ ते ४५ अंश सेल्सियस तापमान मानवते, आणि आपल्या गच्चीवरच्या टाकीतले पाणी बाहेरून कसलीही मदत न होता या पट्ट्यात असते.

आता किनाऱ्यावरचे वर्ष डोळ्यांसमोर आणावे. जूनमध्ये शॅक, म्हणजे वाळूवरच्या तात्पुरत्या खानावळी, उतरवले जातात, लहान हॉटेलांचे मजलेच्या मजले बंद होतात, आणि ऑक्टोबरपर्यंत त्या खोल्यांच्या नळांत तेच पाणी उभे राहते. क्लोरीन उडून जातो, नळाच्या आत बुळबुळीत थर धरतो, त्या थरात अमीबा येतो. हंगामाच्या पहिल्या दिवशी पहिला पाहुणा गरम पाण्याचा नळ सोडतो. त्याच्या आधी तो नळ सोडणारा, फरशी पुसणारा, टाकी घासणारा माणूस बहुधा आपल्याच गावातला असतो, हे मला अधिक बोचते. म्हणून माझे म्हणणे आहे की हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक हॉटेलाने आणि पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या प्रत्येक घराने टाकी रिकामी करून घासणे, साठवणीचे गरम पाणी ६० अंशांपर्यंत तापवणे आणि प्रत्येक नळ काही मिनिटे वाहता ठेवणे, हे परवान्याच्या नूतनीकरणाला जोडले जावे. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. एक तापमापक, एक नोंदवही आणि ती वाचणारा निरीक्षक लागतो.

आकसून बसणाऱ्यांत पटकीचा जिवाणू येतो, आणि त्याचे व या भूमीचे नाते फार जुने आहे. गोव्यात राहणारे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांनी १५६३ मध्ये गोव्यातच छापल्या गेलेल्या ग्रंथात वांती-जुलाबांनी माणूस झपाट्याने संपवणाऱ्या रोगाचे वर्णन केले आणि त्याचे स्थानिक नाव ‘मोर्शी’ असे नोंदवले. ती आपली मोडशी. जुने गोवे साथींनी ओस पडत गेले आणि १८४३ मध्ये राजधानीचा मान पणजीला मिळाला, हा इतिहास आपण शाळेत शिकतो, पण तो आरोग्याचा इतिहास म्हणून शिकत नाही. पटकीचा जिवाणू मूळचा निमखाऱ्या पाण्याचा रहिवासी आहे. तो तरंगत्या सूक्ष्म कवचधारी जीवांच्या कवचाला चिकटतो आणि त्या कवचातले कायटिन खातो. मांडवी-जुवारीच्या मुखापासून खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांच्या, मानशींपर्यंत (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारांपर्यंत) आपल्याकडे ज्या प्रकारचे पाणी आहे, ते याच जातीचे. अन्न संपले की हा स्वल्पविरामासारखा वाकडा जिवाणू आकसून लहान गोळी होतो आणि थाळीवर उगवत नाही. बांगलादेशात जुन्या सुती साडीच्या घड्यांतून पाणी गाळण्याचा प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. कवचधारी जीव फडक्यात अडकले आणि पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्याने घटले. कळशीच्या तोंडाला फडके बांधणाऱ्या आमच्या आजीला यातले काही सांगावे लागले नसते, पण ते का उपयोगी पडते हे आता आपल्याला माहीत आहे.

न उगवणारा जिवाणू पुन्हा जागा होऊन किती वेळा रोग घडवतो, यावर शास्त्रज्ञांत खरा मतभेद आहे आणि तो मी लपवणार नाही. मौनात गेलेल्या पेशींचा बराच भाग मरणाच्या वाटेवर असतो, असे म्हणणारे आहेत. दुसरीकडे, अशा पेशी प्यालेल्या स्वयंसेवकांच्या मलातून पटकीचे उगवणारे जिवाणू मिळाल्याचे १९९६ मध्ये नोंदले गेले आहे. मला वाटते, धोरण ठरवण्यासाठी हा वाद सुटण्याची वाट पाहण्याची गरज नाही. थाळीचा अहवाल एका दिवसाच्या एका बाटलीविषयी बोलतो, आणि तोही दोन दिवस उशिरा. त्याच्यावर सगळा भार टाकण्याऐवजी पाण्याच्या संपूर्ण वाटेवर पहारा ठेवणे, ही जागतिक आरोग्य संघटनेने २००४ पासून सांगितलेली पद्धत आपल्याला अधिक उपयोगी आहे. ओपा, अस्नोडा किंवा साळावलीच्या जलशुद्धीकरण केंद्रातून निघालेल्या पाण्यात शेवटच्या घराच्या नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरला आहे का, हे साध्या रंगपट्टीने काही मिनिटांत कळते आणि ते शाळेतली मुलेही पाहू शकतात. विहिरींबाबत प्रश्न याहून बिकट आहे. आपला जांभा सच्छिद्र आहे. पहिल्या मोठ्या सरीबरोबर विहिरीची पातळी चढते आणि शेजारच्या शोषखड्ड्यातले पाणीही त्याच दगडातून वाट काढते. अशा वेळी पाण्यात उतरलेले जिवाणू अन्नाला मुकलेले, आम्लाला व क्लोरीनला काहीसे सरावलेले असतात, आणि जठरातल्या आम्लातून जिवंत पार होण्याची त्यांची शक्यता धष्टपुष्ट जिवाणूंपेक्षा अधिक असते. घर बांधण्याच्या परवान्यात विहीर आणि शोषखड्डा यांतले अंतर कागदावर मोजले जाते. ते जागेवर, पावसाळ्यात, मोजले गेले पाहिजे.

‘आढळले नाही’ हे शब्द आणखी एका कागदावर येतात, आणि तेथे त्यांचा गैरसमज अधिक जीव घेतो. क्षयाच्या रुग्णाने औषध सुरू केले की बहुतेकदा दोन महिन्यांत ताप उतरतो, भूक लागते, थुंकीच्या तपासणीत जंतू आढळत नाहीत. रुग्णाला वाटते, बरे झालो. पण बहुतेक प्रतिजैविके वाढणाऱ्या पेशीचे चालू काम अडवून तिला मारतात; जी वाढतच नाही तिच्यावर त्यांचा परिणाम फार थोडा होतो. पेनिसिलिनमधून असे मूठभर स्टॅफिलोकॉकस वाचतात, हे जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्येच दाखवले होते. क्षयाचा जिवाणू या कलेत सर्वांच्या पुढे आहे. बंद बाटलीत ३७ अंशांवर १२ वर्षे ठेवलेल्या त्याच्या जुन्या संवर्धनांत जिवंत आणि रोगकारक जिवाणू सापडल्याचे १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. फुप्फुसातल्या गाठीत, जेथे प्राणवायू आणि अन्न दोन्ही तुटपुंजे असतात, तो त्याच दवंडीच्या आधारे दीर्घकाळ तग धरतो. मायकोबॅक्टेरिया या क्षयाच्या जिवाणूच्या कुळातल्या या यंत्रणेवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत दीपंकर चटर्जी यांनी अनेक वर्षे काम केले आहे. सहा महिन्यांच्या उपचारातले शेवटचे चार महिने या उपाशी जिवाणूंसाठी असतात, हे रुग्णाला कोणी समजावून सांगत नाही. ‘औषध सोडू नका’ एवढेच सांगितले जाते, आणि कारण न सांगितलेली आज्ञा माणूस बरे वाटू लागताच मोडतो. अर्धवट मारलेल्या, पण औषध सोसणाऱ्या पेशींमधूनच पुढे औषधाला पूर्ण दाद न देणारे वाण अधिक सहजतेने निपजतात, हे २०१७ मध्ये नाथाली बालाबान यांच्या गटाने ई. कोलायवर दाखवले.

येथे एक गैरसमज आवर्जून दूर करावासा वाटतो. ‘लंघनं परमौषधम्’ हे वचन आपल्या घरांत इतके मुरले आहे की जिवाणूला उपाशी मारण्यासाठी रुग्णाचे जेवण तोडावे, असे काहींना वाटते. दोन भुकांची ही गल्लत घातक आहे. रुग्ण उपाशी राहिला म्हणून गाठीतला जिवाणू मरत नाही, त्याला उपास ठाऊकच आहे. कमकुवत होते ती त्याला गाठीत कोंडून ठेवणारी रुग्णाची प्रतिकारशक्ती. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना दरमहा शिधा दिल्यावर त्या घरांतल्या नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले. गोव्यात बांधकामांवर आणि मासेमारीच्या ट्रॉलरवर राबणारे परराज्यांतले मजूर दाटीवाटीने राहतात आणि हंगामाप्रमाणे जागा बदलतात. त्यांच्यापर्यंत औषधाच्या पाठोपाठ शिधा पोचवणे आणि त्यांनी जागा बदलली तरी दोन्ही चालू ठेवणे, हे राज्याचे काम आहे.

या सगळ्यावर आक्षेप असा येतो की लोकांना घाबरवून काय साधणार, आणि पर्यटनावर जगणाऱ्या प्रदेशाने आपल्या पाण्याविषयी असे उघड बोलावे का. पहिल्या आक्षेपाला माझे उत्तर असे की खोट्या दिलाशापेक्षा नेमकी माहिती माणसाला कमी घाबरवते, कारण तिच्याबरोबर करायचे कामही समजते. दुसऱ्या आक्षेपाचा मला राग येतो. पाहुण्यासाठी स्वच्छ ठेवलेला नळ आणि आपल्या घरचा नळ एकाच धरणाच्या, एकाच भूजलाच्या टोकाला आहेत. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, ताळगाव पठारावरचे गोवा विद्यापीठ आणि बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय या तिन्ही एकाच तिसवाडी तालुक्यात आहेत. जिवंत पेशी रंगाने किंवा जनुकीय पद्धतीने ओळखण्याच्या चाचण्या करण्यासाठी लागणारी विद्या आपल्या दारात आहे. वर्षातून निदान दोनदा, पावसाच्या आरंभी आणि हंगामाच्या आरंभी, निवडक विहिरी, खाड्या आणि टाक्यांची अशी तपासणी या संस्थांनी मिळून करावी आणि तिचा अहवाल मराठीत व कोकणीत सर्वांसमोर ठेवावा.

यंदा चवथीपूर्वी मी आमच्या पंचायतीकडे एक अर्ज दिला आहे. विहिरीच्या कठड्यापासून आसपासच्या सर्व शोषखड्ड्यांपर्यंतचे अंतर फितीने मोजून फलकावर लिहावे, विहिरीत क्लोरीन घातल्याची तारीख त्याखाली असावी, आणि पुढच्या अहवालात ‘वाढ आढळली नाही’ या शब्दांपुढे ‘थाळीवर, अमुक दिवशी घेतलेल्या १०० मिलिलिटर नमुन्यात’ एवढे शब्द जोडावेत, अशा त्यातल्या तीन मागण्या आहेत. अंतर मोजायला फीत मी स्वतः आणणार आहे.